बाहेरून लावायची कडी

माझ्या भावोजींना दिवसातून तीनदा कोठडीत कोंडतात आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळतो. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग विषय बदलतो. त्यामुळे नीट, पहिल्यापासून सांगावं लागणार. पहिल्यापासून म्हणजे भावोजींपासून नव्हे, माझ्या ताईपासून. भावोजींबद्दल बोलायला माणसं पुष्कळ आहेत. तो किल्ला पाहून आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये त्यांचा एक तरी फोटो असतो. एक हात तोफेवर, दुसरा कमरेवर, आणि चेहरा असा की तोफ यांनी स्वतः ओतली. त्याच फोटोत जरा मागे बघितलं तर दोरीवर ब्लँकेटं वाळत घालणारी एक बाई दिसते. बहुतेक वेळा तिची पाठच. ती माझी ताई.

लहानपणी ताईला घरात थांबवणं कुणाला जमलं नाही. शाळेतून आली की दप्तर दारातून आत फेकायची आणि पायातल्या चपला न काढता तशीच परत जायची. आई म्हणायची, "हिचं लग्न एखाद्या ड्रायव्हरशी लावून देते, म्हणजे दोघं बसा फिरत." पुढे आईने लग्न लावून दिलं ते तिकीट खिडकीवर बसणाऱ्या माणसाशी. फिरणाऱ्यांना तिकीट देणं हेही एक प्रकारे फिरणंच, असं तिने मनाचं समाधान करून घेतलं असावं.

नोकरी समुद्रकाठच्या एका उद्यानात होती. जमिनीचं एक टोक लांबवर समुद्रात गेलेलं, त्याच्यावर जुना किल्ला, आणि किल्ल्याच्या आत तटाच्या कडेकडेने तंबू ठोकायला हिरवळ. लोक येतात, एक-दोन रात्री राहतात, बुरूज बघतात, पक्षी बघतात, सूर्य बुडताना बघतात आणि ताजेतवाने होऊन घरी जातात. "दोन वर्षं काढू," भावोजी लग्नानंतर ताईला म्हणाले होते, "मग मी शहरात बदली मागतो." त्या दोन वर्षांत त्यांना मुलगी झाली, ती बोलायला लागली, शाळेत गेली, वसतिगृहात गेली आणि लग्न करून पार सातासमुद्रापलीकडे गेली. बदलीचा अर्ज मात्र होता तिथेच राहिला.

याला कारण ती कोठडी. तिथला आधीचा गाईड एका सकाळी कुणाला न सांगता नोकरी सोडून गेला. शहाणा माणूस. उद्यानाच्या साहेबांनी तिकीट खिडकीतल्या भावोजींना बोलावलं आणि म्हणाले, आजच्या दिवस तुम्हीच लोकांना फिरवून आणा. भावोजींना इतिहासातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण तोंड होतं. किल्ल्याच्या मधोमध एक बिनखिडकीची अंधारी खोली आहे. तिच्या बाहेर पाटी लावलीय, की इथे बहुधा धान्य साठवत असत. धान्य बघायला कोण थांबणार? भावोजींनी त्या खोलीत एक कैदी घातला, आणि खरा कैदी मिळेना तेव्हा स्वतःच आत गेले.

खेळ असा असतो. सगळ्यांना दाराशी जमवायचं. मग बजावायचं, "मंडळी, मी आत गेलो की बाहेरून कडी घाला. मी कितीही रडलो, भेकलो, गयावया केली तरी उघडायचं नाही. त्या काळी पहारेकरी उघडत नव्हते, तुम्हीही उघडू नका. जो उघडेल त्याला मी आत घालीन." मग दार लागतं आणि आतून आरडाओरडा सुरू होतो. "उघडा हो, बायको वाट बघतेय. उघडा हो, गॅसवर दूध ठेवलंय." प्रत्येक वाक्यानंतर भावोजी थांबतात, लोकांना हसायला वेळ देतात. हळूहळू आवाज खोल जातो आणि बंद होतो. बाहेरचे कान देऊन उभे. तेवढ्यात वरून, तटावरून कुणीतरी खाकरतं, "कुणाला शोधताय?" बघतात तर भावोजी वर. कोठडीच्या मागच्या भिंतीतून एक अरुंद जिना तटावर निघतो, पूर्वी पोती वर न्यायला असेल. टाळ्या पडतात. बायका तोंडावर हात ठेवतात, पुरुष म्हणतात मला आधीच कळलं होतं, आणि सगळे बाहेरच्या पायऱ्यांनी तटावर जाऊन फोटो काढतात.

हा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही टाळ्या पिटल्या, खोटं कशाला बोलू. पुढे पुढे मला त्या कोठडीपेक्षा ताईच्या खोल्यांची जास्त भीती वाटायला लागली.

ताईचं बिऱ्हाड म्हणजे तटाच्या पोटातच बसवलेल्या दोन खोल्या. भिंत इतकी जाड की बाहेर डोकवायचं तर आधी अर्धं अंग खिडकीत घालावं लागतं. एवढं करून दिसतं काय, तर तंबूंची रांग आणि तिच्या टोकाला न्हाणीघरं. समुद्र तिन्ही बाजूंना आहे, पण ताईच्या घरातून तो दिसत नाही. नुसता ऐकू येतो आणि अंगाला चिकटतो. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी सर्द होते, कपाटातले वाळलेले कपडे हाताला ओले लागतात. फोनला रेंज नाही. बोलायचं असेल तर टोकाच्या बुरुजावर चढून वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. "रोज समुद्र. काय नशीब काढलंत हो," असं तंबूतल्या बायका तिला सांगतात. ताई "हो ना" म्हणते आणि त्यांच्या ब्लँकेटातली वाळू झटकते.

नोकरी भावोजींची आणि काम ताईचं, अशी तिथे वाटणी आहे. भाड्याची ब्लँकेटं धुवायची, उशांचे अभ्रे बदलायचे, फाटलेले तंबू शिवायचे. खाऱ्या हवेने तंबूंच्या चेनी गच्च बसतात. पहाटे पहाटे कुणीतरी हाक मारतं, "मावशी, चेन उघडत नाहीये, बाथरूमला जायचंय." मग ताई मेणबत्तीचा तुकडा घेऊन जाते, चेनीवर मेण घासते आणि आतल्या माणसाची सुटका करते. चांगले घरचे गादीगिरदे सोडून लोक पैसे मोजून जमिनीवर झोपायला येतात आणि सकाळी कंबर धरून तिच्याकडे तेल मागतात. हे सगळं ती मला नकला करून दाखवायची. तेव्हा ती नकला करायची.

मी शहरात शिवणाचं दुकान चालवते. कपडे उसवून घट्ट-सैल करणं, पडदे, सोफ्याची कव्हरं. वर्षातून एकदा चार दिवस कुलूप लावून ताईकडे जाते. खोल्यांत जागा नाही म्हणून मला तंबू मिळतो. "मेव्हणीबाई, तुम्हाला फुकटात कॅम्पिंग," भावोजी दरवर्षी म्हणतात. फुकटात पाठ धरते, तेवढं खरं. दरवर्षी ते मला सगळा किल्लाही फिरवून आणतात, जणू गेल्या वर्षीपासून तो बदललाय. हा बुरूज, ही तोफ, हे पाण्याचं टाकं. मी म्हणते, भावोजी, टाकं मी ओळखते, टाकंही आता मला ओळखत असेल. त्यांना राग येत नाही. त्यांना खरंच त्या दगडांचं प्रेम आहे, आणि सगळ्या जगाला ते असणारच असं त्यांना वाटतं. वाईट माणूस नाही तो. वाईट असता तर गोष्ट सोपी होती.

गेल्या खेपेला एका संध्याकाळी मी तंबूत पाय पसरून बसले होते आणि ताई दाराशी बसून माझ्याच तंबूची उसवलेली बाजू शिवत होती. वारा भरपूर. तरी टाका कसा, सरळ रेघ. मी म्हटलं, "ताई, माझ्याकडे दुसरं मशीन नुसतं पडून आहे. दुकानावरची खोली रिकामी आहे. चल की."

हे मी दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी ती म्हणते, वेडी का काय. या वेळी तिने दाताने दोरा तोडला आणि विचारलं, "खिडकी आहे खोलीला?"

"दोन आहेत. एक रस्त्यावर."

"रस्त्यावर," ती म्हणाली. मग शिवण बाजूला ठेवलं. "तुला सांगू का? इथे रोज माणसं येतात आणि रोज जातात. परवा एका कुटुंबाची गाडी निघाली ना, तर माझे पाय आपोआप तिच्या मागे चालायला लागले. फाटकापर्यंत गेले गं मी. मग लाज वाटली. फाटकावरचा म्हणाला, काय राहिलं का त्यांचं? मी म्हटलं, हो, उशी राहिली. आणि परत आले. मला इथे कोंडल्यासारखं होतं. छातीवर कुणी बसलंय असं. आणि सांगणार कुणाला? ज्याला सांगावं तो म्हणतो, इथली हवा काय छान आहे."

ताईच्या तोंडून असं काही मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की हिला इथून काढायचं.

भावोजींना सोडायचा प्रश्न नव्हता. ताईने माझ्याकडे राहायचं, मशीन चालवायचं, अधूनमधून इकडे यायचं, हंगाम संपला की भावोजींनी तिकडे यायचं. जगात लाखो माणसं अशी राहतात. भावोजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघू." त्यांचं बघू मी ओळखून आहे. बदलीचंही ते इतकी वर्षं बघतच होते. पण या वेळी ताईने त्यांना बघत बसू दिलं नाही. ब्लँकेटांच्या कामाला फाटकाबाहेरची एक बाई ठरवली, भावोजींचे सगळे शर्ट इस्त्री करून रचून ठेवले आणि शुक्रवारी निघायचं नक्की केलं. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने. मी म्हटलं, सकाळच्या गाडीने ये. तर म्हणे, "हे म्हणतात, शेवटची फेरी उरकली की मी स्वतः बॅग उचलून गाडीपर्यंत येतो. तेवढं तरी करू दे." तिला ते बरं वाटलं होतं.

आता मध्येच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. काही महिन्यांपूर्वी एक चांगले भरभक्कम गृहस्थ हौसेने कोठडीतल्या त्या अरुंद जिन्यात शिरले आणि अडकले. त्यांना काढताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. मग साहेबांनी कोठडीच्या आतच, जिन्याच्या तोंडाशी, लोखंडी जाळीचं दार बसवलं आणि त्याला कुलूप लावलं. किल्ली भावोजींच्या खिशात. आत गेले की दोन-तीन वाक्यं ओरडायचे, अंधारात चाचपून कुलूप काढायचे आणि जिन्याने वर.

त्या शुक्रवारी दुपारी भावोजी जेवायला घरी आले. ताईची बॅग दाराशी तयार. उठताना ताई म्हणाली, "तो शर्ट घामेजलाय, काढून द्या. जाता जाता धुऊन टाकते." त्यांनी निमूट शर्ट काढला, नवा घातला आणि गेले. एरवी ते किल्ली विसरले नसते. विसरभोळा माणूस नाही तो. त्या दिवशी त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, तेवढं श्रेय मी त्यांना देते. शर्ट भिजवताना ताईला खिशात किल्ली लागली. तिने ती पुसून खिडकीत ठेवली, म्हणजे घरी आल्यावर त्यांना दिसेल. तिचं डोकं तरी कुठे ठिकाणावर होतं? ती मनाने केव्हाच गाडीत बसली होती.

शेवटच्या फेरीला गर्दी होती. भावोजींनी नेहमीप्रमाणे बजावलं, आत गेले, कुणीतरी जोर लावून कडी घातली. बायको वाट बघतेय, झालं. दूध झालं. लोक हसले. मग भावोजींनी किल्लीसाठी खिशात हात घातला.

"मंडळी, जरा उघडा," आतून आवाज आला. लोक हसले. "खरंच उघडा. किल्ली राहिली." आणखी हसले. "थट्टा नाही हो, शपथ." एक जण म्हणाला, वा, काय काम करतो हा माणूस, नाटकात असायला हवा होता. दारावर धडका बसायला लागल्या तेव्हा तर टाळ्या पडल्या. मग कुणाला तरी ठाऊक होतं की आता हे वर प्रगट होतात, म्हणून सगळे तटावर गेले. तिथे सूर्य बुडायला आला होता. फोटो काढता काढता भावोजी कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. काळोख पडायला लागला तसे एका दिवसासाठी आलेले फाटकाकडे निघाले आणि राहणारे आपापल्या तंबूंकडे. ओरडणं तंबूपर्यंत येत होतं. शेकोटीभोवतीच्या मंडळींनी तिकडून एक-दोनदा उलट आरोळीही दिली.

फाटकाशी गाडी येऊन उभी होती. ड्रायव्हर ओळखीचा, त्याने ताईची बॅग वर चढवली. ताई एक पाय पायरीवर ठेवून भावोजींची वाट बघत होती. मनात वाईट वाटत होतं, की बॅग उचलायलाही आले नाहीत. तेवढ्यात तंबूतला एक जण बाहेरच्या टपरीवरून काहीबाही घेऊन परत चालला होता, तो तिला बघून म्हणाला, "मावशी, काका म्हणजे कमाल आहेत. फेरी संपून किती वेळ झाला, कैदी अजून ओरडतोय."

ताईच्या डोळ्यांसमोर खिडकीतली किल्ली आली.

"अहो, पळत जा आणि ती कडी काढा," ती त्याला म्हणाली.

"छे छे," तो हसत म्हणाला, "काकांनी सांगितलंय, उघडाल तर आत घालीन."

"खरंच अडकलेत ते."

"तुम्हीपण सामील का मावशी," म्हणत तो गेला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. घरी निघालेल्या एका मोटारवाल्याला तिने विनवलं, त्यानेही हसून मान हलवली. भावोजींनी आख्ख्या किल्ल्याला इतकं पक्कं शिकवून ठेवलं होतं की त्यांच्यासाठी कडी काढायला एक माणूस तयार नव्हता. ताई ड्रायव्हरला म्हणाली, "दोन मिनिटं थांबा, आलेच," आणि आत गेली.

कोठडी दोन मिनिटांवर नाही, हे तिला माहीत होतं. चढ आहे. ती नंतर मला म्हणाली, आधी मी नुसती चालत होते, चिडून, की जन्मभर खेळ खेळलात आणि आजही. मग आवाज जवळून ऐकू आला. ते मध्ये थांबत नव्हते. एकसारखे ओरडत होते, हसायला जागाच ठेवत नव्हते. तेव्हा ती पळाली.

कडी काढली तर भावोजी दाराला टेकून जमिनीवर बसलेले. तळहात सोललेले. इतकी वर्षं रोज त्या कोठडीत जाणाऱ्या माणसाने ती कोठडी कधी अनुभवलीच नव्हती, दोन-तीन वाक्यांपलीकडे तो तिथे कधी थांबलाच नव्हता. त्यांनी ताईचा हात जो पकडला तो सोडेनात. मग म्हणाले, "नाही गेलीस ना? बरं झालं."

खाली गाडी सुटल्याचा आवाज तिने ऐकला. ड्रायव्हर बिचारा जमेल तेवढा थांबला, मग बॅग फाटकाशी उतरवून ठेवली आणि निघाला. तिकडे मी स्टँडवर उभी होते. वरची खोली झाडून पुसून, रस्त्यावरच्या खिडकीच्या काचा धुऊन, मशीनला तेल घालून. गाडी आली, सगळे उतरले, ड्रायव्हर उतरला. म्हणाला, "त्या बसल्याच होत्या हो जवळजवळ. मग आत पळाल्या." मी भावोजींना जे काय म्हणायचं ते तिथे उभ्या उभ्या म्हणून घेतलं. ड्रायव्हरने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ताईचा बुरुजावरून फोन आला. वाऱ्यातून तुटक तुटक तिने सगळं सांगितलं. "हे जरा घाबरलेत गं," ती म्हणाली. "सावरले की येते. पुढच्या शुक्रवारी."

पुढच्या शुक्रवारी भावोजी सावरले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. फेरी निघायची, बुरूज व्हायचे, तोफ व्हायची, आणि कोठडीच्या दाराशी आले की त्यांना दरदरून घाम फुटायचा. आज कोठडी बंद आहे मंडळी, असं सांगून पुढे न्यायचे. लोक तक्रारी करायला लागले, कारण लोक धान्याची खोली बघायला येतच नव्हते. साहेब चार दिवस समजुतीने बोलले. मग म्हणाले, तुमच्याने होत नसेल तर दुसरा माणूस बघावा लागेल, आणि राहत्या खोल्या गाईडच्या आहेत हे तुम्हाला माहीतच आहे.

त्याच सुमारास ती शुक्रवारची गोष्ट तंबूतंबूंतून पसरली होती. बायको निघालेली गाडी सोडून नवऱ्यासाठी पळत आली. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. साहेबांच्या डोक्यात दिवा पेटला. ते ताईकडे आले आणि म्हणाले, तुम्हीच का नाही उभ्या राहत कडीपाशी? भावोजी तेवढ्यावर आत जायला तयार झाले. कडी ताईने घालायची आणि ताईनेच काढायची, मध्ये तिने जागचं हलायचं नाही. जाळी काढून टाकली तरी त्यांना जिना नको होता. त्यांना दार हवं होतं आणि दाराबाहेर ताई. मग साहेबांनी तिलाही पगारावर घेतलं. ज्या बाईला त्या किल्ल्यातून पळून जायचं होतं तिला किल्ल्याने नोकरी दिली.

ही बातमी मला भावोजींनीच कळवली, आनंदाने. "मेव्हणीबाई, तुमची ताई आता आमच्या खेळात." मी फोन ठेवला, दुकानाला कुलूप लावलं आणि पहिल्या गाडीने निघाले. माझी वर्षाची ठरलेली खेप नाही, तंबू सांगून ठेवलेला नाही, काही नाही. ताईला हाताला धरून आणायची, मग भावोजींचं काय व्हायचं ते होऊ दे, असं मी वाटभर घोकत होते. मी इतकी चिडले होते की शेजारच्या बाईने जागा बदलली.

पोचले तेव्हा दुपारची फेरी कोठडीशी आली होती. ताई दाराजवळ उभी. तिला नवा पोशाख दिला होता, उद्यानाच्या रंगाचा. मला बघून ती हसली आणि डोळ्यांनी म्हणाली, थांब जरा. भावोजी आत गेले. ताईने कडी घातली. "उघडा हो, बायको वाट बघतेय," आतून आलं, आणि लोक तिच्याकडे बघून हसले. मी गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"चल," मी हळूच म्हटलं. "संध्याकाळची गाडी आहे."

"आत्ता नको बोलूस."

"मग कधी? तू कधी निघणार आहेस?"

तिचं लक्ष दाराकडे होतं. "मी नसले तर हे आत जात नाहीत. आत नाही गेले तर नोकरी जाईल, खोल्या जातील. या वयात त्यांना दुसरं काय येतं?"

"आणि तुझी छाती? कोंडल्यासारखं होतं ना तुला?"

"मी बाहेरच्या बाजूला असते ना," ताई म्हणाली. ती हे विनोदाने म्हणाली की खरंच तसं धरून चालली होती, मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. आतला आवाज आता बदलायला लागला होता. दूध सोडून भावोजी नुसतं "अगं, अगं" करत होते. लोकांना तोही खेळच वाटत होता. तिने कडी काढली.

भावोजी बाहेर आले, घामाने निथळलेले, हसत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी शुक्रवारची गोष्ट सांगितली, गाडीचा हॉर्न तोंडाने वाजवून दाखवला, ताई चढावरून कशी पळत आली ते हातवारे करून सांगितलं. गोष्टीत ती आनंदाने पळत आली होती. पुढे उभ्या असलेल्या एका बाईने डोळे पुसले आणि कौतुकाने विचारलं, "आणि काका, एखाद्या दिवशी काकू आल्याच नाहीत तर?"

"येणार हो," भावोजी म्हणाले. "जाणार कुठे?"

सगळे हसले. ताईसुद्धा हसली. ते मला बघवलं नाही. भावोजी लोकांकडे तोंड करून उभे होते, आणि मागे, लोकांना दिसणार नाही असं, त्यांनी ताईचं मनगट धरलं होतं. बोटं पांढरी पडली होती. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यावर चिडू शकले नाही, आणि त्याचाच मला राग आला. मी ताईला ओढून न्यायला हात पुढे केला. एक हात भावोजींच्या मुठीत होता. दुसरा तिने पुढच्या फेरीआधी कडी पुसायला घेतला होता, खाऱ्या हवेने ती गंजते. मी तिला न्यायला आले होते आणि तिचा एकही हात मोकळा नव्हता.